बोलकी बंडी

२ सप्टेंबर, सोमवार

बनियन! वसीमनं पुण्याहून कुरिअरनं बनियन पाठवलंय!

आठवडाभर फोनवर नुसतं "आपा, एक चीज येतेय, अब्बांसाठी, जपून उघड" चाललं होतं. मला वाटलं कानाचं मशीन असेल. निघालं काय, तर काळं, घट्ट, चकचकीत बनियन. आतून छातीवर दोन राखाडी पट्ट्या आणि बाजूच्या खिशात काडेपेटीएवढी एक डबी. फटाके बनवणाऱ्या तेरखेड्यात कुठल्या वस्तूला काडेपेटीची उपमा देऊ नये, पण आहे तेवढीच, काय करू!

हे अंगात घातलं की छातीचे ठोके मोजले जातात. ते जवळच्या मोबाइलवर येतात – म्हणजे अब्बांच्या – आणि तिथून माझ्या आणि वसीमच्या. सगळं ठीक असेल तर हिरवं. गडबड झाली तर लाल, वर भोंगा. अंगावरून काढलं की करडं.

अम्मीनं कापड बोटांत चोळून बघितलं. "असल्या कोंदट कापडात चांगला माणूस बिघडंल."

मी वसीमला विचारलं, खरंच कामाचं आहे, का शहरातलं खूळ? तो उखडला. त्याची कंपनी हेच बनवते. त्याचा पगार यावरच चालतो. मीही उखडले. फोन कुणी आधी ठेवला आठवत नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार

काल वसीमवर उगाच तोंड टाकलं. त्याला हे सुचलं ते माझ्यामुळंच. मीच त्याला बशीचं सांगितलं होतं.

मागच्या आठवड्यात अब्बा सकाळी उंबऱ्यात चहा पीत उभे होते, आणि बशी हातातून गेली. चौकट धरून उभे राहिले, डोळे मिटून. मी धावले. म्हणाले, "काय न्हाय, ऊन लागलं." सकाळी सातला कसलं ऊन! त्याआधी नमाजासाठी वजू करताना एकदा नळाला धरून बसले होते. तेही "काय न्हाय".

अब्बा फटाक्याच्या कारखान्यात बारुदीचा मसाला कालवतात. चाळीस वर्षं झाली. गावात "दादामियाँचा हात" म्हणून बोलतात. त्या खोलीत चारच माणसं बसतात, पाचवं नाही. आणि नव्या माणसाला अब्बा पहिल्याच दिवशी सांगतात – ज्याला चक्कर, ज्याला फेफरं, ज्याला खोकल्याची ढास, त्यानं मसाल्याला बसायचं न्हाय. एकाचा हात चुकला की चौघं जातात.

दवाखान्यात चला म्हटलं की, "दिवाळी होऊ दे." दिवाळी दोन महिन्यांवर!

वसीमचं म्हणणं, अब्बा दवाखान्यात जात नाहीत ना, मग दवाखानाच त्यांच्या अंगात घालू.

५ सप्टेंबर, गुरुवार

बनियन उसवलं. सगळं. कापड नायलॉनचं आहे, ते अब्बा फाटकाच्या जवळसुद्धा नेणार नाहीत. नायलॉन अंगावर घासलं की चटचट ठिणगी उडते, आणि त्यांच्या खोलीत तेवढीच पुरते. त्यावरच तर माझं दुकान चाललंय – आसपासच्या कारखान्यांना बंड्या मी शिवते. सुती कापड, सुती दोरा, बटण नाही, हूक नाही, नुसते बंद.

मग पट्ट्या काढून माझ्याच एका बंडीला आतून लावल्या. चारदा उसवल्या. पट्टी अंगाला चिकटून बसली पाहिजे म्हणून कुशीत दोन चुण्या घेतल्या, बंद वर सरकवले. वसीम व्हिडिओवरून बघत होता. "आपा, तू आमच्या डिझायनरची नोकरी घालवशील." लबाड! पण बरं वाटलं.

चालते का बघायला स्वतःच घालून बसले. ९४. शिवणाला बसून ९४! वसीम म्हणाला, "तू जरा शांत बसत जा."

राहिली डबी. डबीत बॅटरी. बॅटरी कारखान्यात जात नाही म्हणजे नाही. फाटकावर गोरोबाकाका बसतात, सगळ्यांचे मोबाइल, घड्याळं, बिड्या, काड्या त्यांच्या पेटीत. चप्पल बाहेर. मग अंगातली वीज उतरावी म्हणून ओल्या मातीला हात लावायचा आणि आत. मी वसीमला बजावलं – बंडी फाटकावर उतरणार. चहाला आणि जेवायला सगळी बाहेर लिंबाखाली येतात, तेवढा वेळ घालतील. तो म्हणाला, तेवढं तर तेवढं.

पण मग अब्बांना फोनवर वेगळंच म्हणाला, मी ऐकलं: "अब्बा, जास्तीत जास्त वेळ अंगात राहू द्या. चाचणीला तीस माणसं निवडलीत, तीस दिवस. करडं झालं की साहेब मलाच विचारतात."

अब्बा म्हणाले, "तुझी मान खाली जाऊ द्यायचो न्हाय."

९ सप्टेंबर, सोमवार

आज पहिला दिवस. अब्बांनी बंडी घडी करून पिशवीत घातली. "सायकलीवर घाम येतो, फाटकावर घालीन."

सव्वाआठला हिरवं! ७६! मी दुकानात एकटीच टाळ्या पिटल्या. दिवसभर हिरवं. दुपारी दोनला ६४. जगात एवढा गुणी बाप नसेल. चहा उतू गेला आणि एका बंडीला दोन्ही बाजू डाव्याच कापल्या, पण हरकत नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार

हरकत आहे.

आज दहा वाजता बघितलं – हिरवं. अकराला हिरवं. आणि मग एकदम डोक्यात आलं. करडं कधी झालं? कालही नाही, आजही नाही. काल सव्वाआठ ते पाच एक सलग हिरवी रेघ, मध्ये खंड नाही. चहाच्या सुट्टीआधीही हिरवं, नंतरही हिरवं.

म्हणजे अब्बांनी बंडी काढलीच नाही. म्हणजे छातीला बॅटरी बांधून मसाला कालवतायत!

मोबाइल उलटा ठेवला. परत सुलटा केला. हिरवं.

११ सप्टेंबर, बुधवार

संध्याकाळी विचारलं. सरळ. "अब्बा, बंडी फाटकावर काढता ना?"

"काढतो की."

"रोज?"

"तुझी शप्पथ."

माझी शपथ! आजची रेघ माझ्यासमोर होती, आणि अब्बा माझी शपथ घेऊन चहात बिस्कीट बुडवत होते. बाप खोटं बोलतो का कापड? मी आयुष्यभर कापडात बसलेय, कापडाला खोटं बोलता येत नाही. कमी पडलं तर कमी दिसतं, वाकडं कापलं तर वाकडं दिसतं.

पण अब्बासुद्धा कधी खोटं बोललेले नाहीत. बशीची गोष्ट सोडून.

१२ सप्टेंबर, गुरुवार

अम्मीनं बंडी धुतली. डबी काढली होती, नशीब! पण पट्ट्यांसकट दगडावर धोपटली, पिळली, दोरीवर टाकली. मी किंचाळले. अम्मी म्हणाली, "कापड हाय का न्हाय? कापड हाय तर धुवायचं."

आणि चालते! काही झालं नाही. वसीमला सांगितलं तर त्याला विश्वासच बसेना. त्यांच्या कंपनीत धुण्याची परीक्षा मशीनवर घेतात. अम्मीच्या धोपाटण्यावर घ्या म्हणावं.

दुपारी अम्मी जवळ येऊन बसली. हळूच. "फलक, मोबाइलात एवढं कुणाला बघत आसतीस? सांग. चांगल्या घरचा आसंल तर अब्बाला मी समजावते."

हसावं का रडावं. घरात आम्ही दखनी बोलतो, कारखान्यात मराठी, आणि मनातलं मी लिहिते ते शाळेपासून मराठीतच. पण अम्मीला काय सांगायचं ते एकाही भाषेत सुचलं नाही. अम्मीला बॅटरीचं कळलं तर ती स्वतःच फाटकावर जाऊन उभी राहील. म्हटलं, "कुणी नाही गं. ग्राहकांचे मेसेज."

१४ सप्टेंबर, शनिवार

वसीमला आडून विचारलं. डबी मोबाइलपासून किती लांब चालते?

"दहा-पंधरा पावलं. भिंत मध्ये आली तर तेवढंही नाही."

मोबाइल तर फाटकावर, गोरोबाकाकांच्या पेटीत. आणि मसाल्याची खोली मुद्दाम सगळ्यांपासून लांब बांधलेली, दोनशे पावलं तरी असेल. तरी रेघ सलग!

म्हणजे मोबाइलही आत जातोय.

गोरोबाकाका पंचवीस वर्षं फाटकावर आहेत. मालकाच्या पाहुण्यांच्या खिशातून सिगारेटचं पाकीट काढून घेतलेला माणूस. पण अब्बांचा जिगरी दोस्त. दोस्तीपायी सोडत असतील. एवढा राग आला मला त्यांचा!

१५ सप्टेंबर, रविवार

कारखाना बंद. म्हटलं, आज घरी घाला, मला बरं वाटेल.

"आज सुट्टी. तिलाबी सुट्टी." बंडी खुंटीवर. घरी एकदाही घातलेली नाही त्यांनी. आले की डबी काढून चार्जिंगला. "घरात तू हायेस की बघायला."

१७ सप्टेंबर, मंगळवार

फाटकावर जाऊन आले. मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करून पोरं शाळेतून परतत होती, कारखाना मात्र चालू. सीझन आहे. नव्या बंड्यांचं गाठोडं द्यायचं निमित्त काढलं.

गोरोबाकाका लिंबाखाली स्टुलावर. एवढ्या उकाड्यात खाकी शर्ट गळ्यापर्यंत लावलेला, घामानं डबडबलेले. मी विचारलं, "काका, अब्बा आत काय घेऊन जातात?"

"काय न्हाय."

"मोबाइल?"

"ह्यो काय, पेटीत हाय." पेटी उघडून दाखवली. होता. मला येताना बघून ठेवला असेल!

"आणि बंडी? डबीची?"

काका एकदम रस्त्याकडं बघायला लागले. "पोरी, तुझा बाप आत वाईट चीज न्यायचा न्हाय. ह्या फाटकातनं तर न्हायच न्हाय. म्या हाय हितं."

नजर देत नव्हते. खोटं बोलणारा माणूस मला कळतो. गाठोडं टाकलं आणि निघाले. पाठीमागून म्हणाले, "ऊन लई हाय, पाणी पिऊन जा." प्याले नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

मालकाला सांगितलं तर अब्बांचं चाळीस वर्षांचं नाव जातं. नाही सांगितलं आणि काही झालं, तर चौघं जातात. हिरवं. हिरवं. हिरवं.

२१ सप्टेंबर, शनिवार

आज डबी लपवली. मशीनच्या ड्रॉवरमध्ये, बॉबिनखाली. अब्बा निघताना पिशवी चाचपून दुकानात आले. हात पुढं केला.

मी म्हटलं, "बिघडलीय."

"दे बेटा. वसीमची अमानत हाय. करडं झालं तर त्याला बोल लागंल."

"आणि आत काही झालं तर?"

अब्बांनी माझ्याकडं बघितलं. "फलक, चाळीस वर्षांत ह्या हातानं कुणाला ओरखडा न्हाय. भरोसा हाय का न्हाय माझ्यावर?"

"नाही" असं तोंडावर आलं होतं. डबी दिली. दिलीच! सायकल वळेपर्यंत उभी होते. मग ड्रॉवर एवढ्या जोरात लोटला की बोट चेमटलं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

तालुक्याला, वाशीला जाऊन कापड आणलं. दुकानदाराकडं घामात न वास येणारं कापड आलंय म्हणे, मोबाइलला जोडायचा शर्ट पण येणार आहे. "ताई, पुढचा जमाना ह्याचाच."

कपडा कशासाठी असतो? ऊन अडवायला, घाम प्यायला, लाज राखायला. त्यानं माणसाची चुगली करावी, हे कशाला? पूर्वी मला अब्बांची काळजी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा वाटायची. आता मिनिटाला वाटते. हेच जर त्याचं काम असेल तर चोख करतंय म्हणायचं! आणि गंमत म्हणजे ज्याच्या काळजीनं आणलं ते मी विसरूनच गेले. चक्कर, बशी, चौकट. डोक्यात नुसती बॅटरी.

परतताना एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, कुणाचा फोन यायचाय का, सारखं बघताय. म्हटलं, नाही, न येवो म्हणून बघतेय.

३० सप्टेंबर, सोमवार

८८. मागच्या आठवड्यात असा आकडा नव्हता. पण हिरवंच.

३ ऑक्टोबर, गुरुवार

९६. हिरवं. वसीम म्हणतो, शंभरच्या आत आहे ना, मग डोकं खाऊ नकोस. अब्बांना विचारलं, दमायला होतं का? "न्हाय तर. मी मस्त हाय." मस्तच दिसत होते. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

६ ऑक्टोबर, रविवार

कालचं आज लिहितेय.

दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. मी बाही लावत होते. भोंगा. हा भोंगा मी कधी ऐकला नव्हता, तरी पहिल्याच सुराला कळलं. लाल. १५२. मग ११०. मग १६०. आकडा जागेवर थांबतच नव्हता.

स्कूटी कशी काढली ठाऊक नाही. मशीन चालूच राहिलं. डोळ्यांपुढं एकच – खोलीत अब्बा मसाल्यावर ओणवे, छातीत कळ, छातीला बॅटरी, समोर तिघं. सगळ्या रस्त्यानं मी आभाळाकडं बघत होते, धूर दिसतो का. रडत नव्हते. शिव्या देत होते! वसीमला, डबीला, गोरोबाकाकांना, स्वतःला. ड्रॉवरमधून डबी मी काढून दिली होती. माझ्या हातानं.

फाटकावर सगळं शांत. गोरोबाकाका स्टुलावर, लिंबाला टेकलेले. मी ओरडले, "अब्बा कुठंयत?" आणि तशीच आत पळाले.

"ए पोरी! चप्पल! मोबाइल!" काका उठायला गेले आणि परत बसले. "चप्पल काढ आधी!"

त्या अवस्थेतही मी चप्पल काढली. मोबाइल पेटीत टाकला. ओल्या मातीला हात लावला. तेरखेड्याची आहे ना! माझी आरडाओरड ऐकून अब्बा समोरून चालत आले. चांगले चालत. हात कोपरापर्यंत चंदेरी. अंगात जुनी बंडी, ठिगळाची. मी त्यांची छाती चाचपली, कूस चाचपली. डबी नाही. पट्टी नाही. काहीच नाही.

"काय झालं?" अब्बा विचारतायत.

पेटीतून माझा मोबाइल भोंगा वाजवत होता. आणि अब्बांचाही, त्याच पेटीत. लाल. १५८.

मग हे कुणाचं?

दोघांनी एकदमच मागं वळून बघितलं. गोरोबाकाका जबडा धरून बसले होते. तोंड राखेसारखं. अब्बा पळाले, मी पळाले. शर्टाची बटणं मीच काढली. आत बंडी. माझे बंद, माझ्या चुण्या, माझी टीप.

काका म्हणत होते, "गॅस झालाय. सोडा पाजा." कुणीतरी खरंच सोडा आणायला निघालंही होतं. मी म्हटलं, सोडा नाही, गाडी! मालकाची जीप काढली. वाशीला एक इंजेक्शन, एक गोळी जिभेखाली, आणि तिथून ॲम्ब्युलन्सनं येडशीवरून धाराशिव. मी सोबत. मोबाइल डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी रेघ बघितली, मागचे दिवस बघितले, ८८, ९६. म्हणाले, "अर्धा तास उशीर झाला असता तर मी तुमच्याशी हे बोलत नसतो."

काका आहेत. जगले.

८ ऑक्टोबर, मंगळवार

दवाखान्यात अब्बा आले होते. बाकड्यावर शेजारी बसले. मी काही विचारायच्या आधीच बोलले.

"डबी आत नेईन व्हय मी? येडी झालीस का? पण वसीम म्हणला, करडं झालं की साहेब त्याला बोलतो. मग गोरोबा म्हणला – दादामियाँ, आण हिकडं, म्या तर बसूनच आसतो, कुणाचं तरी ठोकं पायजेत न्हवं त्याला!"

म्हणून सलग हिरवं. म्हणून दुपारी दोनला ६४ – काका तेव्हा डुलकी काढतात! म्हणून मोबाइलपासून दहा पावलं. म्हणून गळ्यापर्यंत बटणं. सत्तावीस दिवस! आणि मी फाटकावर जाऊन त्या माणसाला खोटारडा ठरवून आले होते. अब्बा आत वाईट चीज नेत नाहीत, हे एकच वाक्य ते बोलले होते आणि ते खरं होतं.

एवढं हसू आलं, एवढं हसू आलं, की नर्स येऊन रागावली. मग रडू आलं. अब्बांनी पाठीवर हात ठेवला. मी म्हटलं, "तुमच्यावर भरोसा नव्हता माझा." ते म्हणाले, "जाऊ दे." आणि दुसरीकडं बघायला लागले.

१० ऑक्टोबर, गुरुवार

वसीम आधी आमच्यावर ओरडला – एकाच्या जागी दुसरा, काय चेष्टा आहे का! मग तासाभरात फोन, आवाज बदललेला. साहेब खूश. गोरोबाकाकांचा फोटो हवाय, भिंतीवर लावायचाय. काकांना विचारलं तर म्हणाले, "टोपी घालून काढा."

काकू बंडी हातात घेऊन बसल्या होत्या. डॉक्टरांनी ती कात्रीनं कापलीय, मधोमध. "हिला शिवून देशील का?" म्हणाल्या. "घरात ठिवीन." देईन. आज कुणी मला विचारलं, हे कामाचं का खूळ, तर मी भांडून सांगेन, कामाचं! दगडावर धोपटलं तरी माणूस वाचवतं!

वसीमनं एक काम सांगितलंय. मोबाइलमध्ये अजून सगळं "दादामियाँ" या नावावर आहे. ते गोरोबाकाकांच्या नावावर करायचं. सवडीनं करीन.

अम्मीनं गोड भात केला. शेवटी तिला सगळं सांगितलं. तिला एकच वाईट वाटलं – मोबाइलमध्ये कुणी पोरगा नव्हता.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. काकांनी दवाखान्यातून मुलाच्या हाती अब्बांना सोनं पाठवलं, आपट्याची दोन पानं. अब्बांनी खिशात ठेवली. कारखान्यात पूजा झाली, नारळ अब्बांनी धरला. दर वर्षी तेच धरतात. सोमवारपासून जोरात काम, दिवाळीला वीस दिवसही नाहीत.

आज बऱ्याच दिवसांनी मोबाइल बघितला नाही. बघायला काही नाहीच!

१३ ऑक्टोबर, रविवार

सुट्टी. दुपारी मी मशीनला तेल घालत होते, अब्बा समोर पेपर वाचत होते. आठवलं म्हणून नाव बदलायला घेतलं. सत्तावीस दिवस काकांच्या नावावर गेले. मग अब्बांच्या नावावर बोट ठेवलं. करडं. खाली लिहिलेलं – माहिती नाही.

महिनाभर मी जे हिरवं बघत होते, त्यात अब्बांचा एक ठोका नव्हता.

उठले. पेपर बाजूला केला आणि त्यांचं मनगट धरलं. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत मोजलं. तीन ठोके, एक गायब. दोन ठोके, एक गायब. परत मोजलं. तेच.

अब्बांनी हात सोडवून घेतला नाही. म्हणाले, "त्यात दिसलं आसतं बेटा. म्हणून गोरोबा मागायच्या आधीच त्याच्या अंगात घातली."

"आणि खोलीतले बाकीचे तिघं?"

अब्बांनी पेपरची घडी घातली. घडीवर घडी.

"उद्या मालकाला तू सांग. माझ्यानं व्हायचं न्हाय."